पासवर्ड एआयला विचारू नये

सभासद बंधूंनो, तुमच्या ऊसबिलाचे पैसे ज्या संगणकावरून खात्यावर जातात, त्याचा पासवर्ड आमच्यातल्याच एकाने एआयकडून करून घेतला. दिसायला भलताच अवघड! पण हे यंत्र चिठ्ठी टाकत नाही. मागच्या अक्षरांपुढे बहुधा काय येईल, ते अंदाजाने लिहिते. म्हणून दुसऱ्याने तेच विचारले तर त्याच वळणाचा पासवर्ड निघू शकतो, आणि चोरालाही विचारता येतेच की. शिवाय तो त्या संभाषणात लिहिलेला राहतो, ते वेगळेच.

आम्ही तो लगेच बदलला. आता पाच वेळा फासा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलतो. असे सहा शब्द. पासवर्ड मॅनेजरही चालतो, तो अक्षरे चिठ्ठी टाकल्यासारखीच काढतो. फाशांना कारकून मंडळी हसतात, हसू देत.