नाशिकची हिंदुस्थान कंपनी आणि जुन्या चित्रपटांची मालकी

त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर, १९१३ मध्येच, मुंबईचे बिऱ्हाड हलवून नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ नाशिकमध्येच तयार झाले. तिन्ही चित्रपट घेऊन ते १९१४ साली लंडनला गेले. तेथे कौतुक झाले, पण परतल्यावर महायुद्ध पेटले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. हाती घेतलेली कामे अडली, नोकरांचे पगार भागवणे कठीण झाले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने यापूर्वीही भांडवलासाठी गेले होते. १९१७ च्या ‘लंकादहन’ने घडी पुन्हा बसली.

भांडवलाची ही ओढाताण थांबावी म्हणून वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) गाजले. पण भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काशीला निघून गेले. पुढे ते परतले, तरी कंपनीवरचा त्यांचा पूर्वीचा ताबा परत आला नाही. त्यांच्या ‘सेतुबंधन’ या चित्रपटाचे चित्रण पैशांअभावी रखडले. ते पूर्ण होईपर्यंत बोलपट आला होता. मूकपट म्हणून बनलेल्या त्या चित्रपटाला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३३ च्या सुमारास कंपनी मोडली.

कंपनी मोडली की तिच्या चित्रपटांचा धनी कोण, हा प्रश्न येथून सुरू होतो. १९१४ चा भारतीय स्वामित्वहक्क कायदा ब्रिटिश कायद्यावर बेतलेला होता. चित्रपट असा स्वतंत्र वर्ग त्यात नव्हता. नाट्यकृती किंवा छायाचित्रांची मालिका म्हणून त्याला संरक्षण मिळे. १९५७ च्या कायद्याने चित्रपटाला स्वतःचे स्थान दिले आणि निर्मात्याला पहिला मालक मानले. मुदत आधी ५० वर्षे होती, १९९२ मध्ये ती ६० झाली. प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ती मोजतात. फाळक्यांच्या चित्रपटांची मुदत केव्हाच संपली असून ते आता सर्वांचे आहेत. कथेवर तर त्यांचाही हक्क नव्हता. हरिश्चंद्र किंवा कृष्ण कोणालाही पडद्यावर आणता येतो. कल्पना, विषय किंवा पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले.

हक्क मोकळा झाला, पण वस्तूच हाती नाही, हे नाशिकच्या चित्रपटांचे खरे दुर्दैव आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते, आणि सांभाळली नाही तर कुजते. फाळक्यांच्या नावावर नव्वदहून अधिक चित्रपट सांगितले जातात. उरले ते मोजकेच, आणि तेही बहुतेक तुकड्यांत. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून मिळालेले तुकडे जुळवून ‘कालिया मर्दन’ बराचसा उभा केला, म्हणून फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आजही कृष्णाच्या वेषात दिसते. संग्रहातही धोका टळत नाही: जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील आगीत नायट्रेटची हजारो रिळे जळाली.

मुदत न संपलेल्या चित्रपटांची गोष्ट वेगळी. त्यांचे हक्क विक्रीतून, लिलावातून, वारसांतून फिरत जातात आणि प्रत्येक टप्प्याचा लेखी कागद दाखवावा लागतो. आजच्या कायद्यानुसार करारात हस्तांतराची मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतीच. एकही कागद गहाळ झाला तर संग्राहक, दूरचित्रवाणी वाहिनी आणि वारस कोर्टात समोरासमोर येतात, आणि तोवर रीळ डब्यातच जुने होत राहते. मालक सापडतच नसेल, तर वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन प्रकाशनाचा परवाना मागण्याची सोय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये आहे. प्रकाशनासाठी प्रत मात्र हाती असावी लागते.