ताडपत्रीच्या कोपऱ्यातले दीडशे रुपये

मे महिना संपत आलेला. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या शाळेशेजारच्या काकांनी गेल्या वर्षीची ताडपत्री अंगणात अंथरली होती, कुठे कुठे विरलीय ते बघायला. आमच्याकडे पाऊस एकदा बसला की छपरावर, कुडाला, सरपणावर, सगळीकडे ताडपत्री लागते. एका कोपऱ्यात, दोरी ओवायच्या कडीशेजारी, चार बोटांएवढं स्टिकर दिसलं. धुळीने काळं पडलेलं. ओल्या फडक्याने पुसलं तर खाली कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता, आठ अक्षरांचा कोड आणि बारीक टाइपात ‘पुढील खरेदीवर १५० रुपये सूट, मुदत एक वर्ष’. बिल शोधून तारीख पाहिली. मुदत संपायला अकरा दिवस उरले होते.

२०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे काकांची अर्ध्या दिवसाची मेहनत वर्षभर त्यांच्याच छपरावर पडून होती! त्या दिवसापासून मला कंपन्यांच्या कूपनांचं वेडच लागलं. गोळा केलेल्या गमती आणि कामाच्या गोष्टी आज तुमच्यासमोर मांडते.

कापा आणि घ्या

कूपन हा शब्द फ्रेंच. मूळ धातूचा अर्थ ‘कापणे’. जुन्या कर्जरोख्यांना तळाशी छोट्या चिठ्ठ्या छापलेल्या असत. व्याजाची तारीख आली की एक चिठ्ठी कात्रीने कापायची, दाखवायची, पैसे घ्यायचे. चिठ्ठ्या गेल्या, तरी रोख्यावरच्या व्याजदराला आजही ‘कूपन रेट’च म्हणतात.

मराठीत मात्र या शब्दाला एक भन्नाट शेजारी मिळालाय, कुंपण! आणि प्रत्येक कूपनाला कुंपण असतंच: किमान खरेदी किती, जास्तीत जास्त सूट किती, एका नंबरावर किती वेळा, कुठल्या तारखेपर्यंत. कोड नंतर वाचा, आधी कुंपण वाचा.

पहिलं कूपन आणि आमची वारली चित्रं

जगातलं पहिलं कूपन कोका-कोलाचं मानलं जातं. साल १८८७, गाव अमेरिकेतलं अटलांटा. चिठ्ठी दाखवा, पाच सेंटचा एक पेला फुकट प्या. १८९४ ते १९१३ या काळात अशा चिठ्ठ्यांवर सुमारे ८५ लाख पेले फुकट वाटले गेले, असं सांगतात.

मला यातलं सर्वात आवडलेलं टोक आमच्या जिल्ह्यात येऊन मिळतं. याच कंपनीने २०१० सालच्या दिवाळीच्या जाहिरातीसाठी वारली चित्रशैली निवडली होती. ती शैली जगभर नेणारे जिव्या सोमा म्हशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. एक मनापासून सांगते, कारखान्याच्या मालावर मी शेवटच्या रुपयापर्यंत कूपन शोधते, पण चित्रकाराच्या हातून चित्र घेताना भाव करत नाही. त्याच्या ओसरीवर जाहिरातीचं वेगळं बजेट ठेवलेलं नसतं.

पैसे कुणाच्या खिशातून?

सूट तीन खिशांतून येते: माल बनवणाऱ्या कंपनीच्या, विकणाऱ्या दुकानाच्या किंवा बँकेच्या. कंपनीचं कूपन ठरावीक मालाला चिकटलेलं असतं, दुकानाचं त्या दुकानाला, बँकेचं कार्डाला. खिसे वेगळे असल्यामुळे पुष्कळदा एकाच बिलावर दोन सवलती बसतात. म्हणून कंपनीचं कूपन लावल्यावर थांबू नका, पैसे भरायच्या पानावर बँकेची ऑफरही बघा.

अमेरिकेत किराणा दुकानदार कंपनीची कागदी कूपनं घेतो, गठ्ठा पाठवून देतो आणि कंपनीकडून सवलतीची पूर्ण रक्कम वसूल करतो. वर हाताळणीचे म्हणून दर कूपनामागे साधारण आठ सेंट! या गठ्ठ्यांची मोजदाद वर्षानुवर्षं सीमेपलीकडे मेक्सिकोत होत आली. बारकोडच्या दुनियेतही कूपनांची स्वतंत्र वस्ती आहे: ९९ ने सुरू होणारे क्रमांक कूपनांसाठी राखून ठेवलेत. आपल्या पाकिटांवर बहुतेकदा ८९० दिसतो. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा नाही; क्रमांक भारतीय संस्थेकडून घेतलाय, एवढाच.

शोधायचं कुठे?

आता कामाचं. कंपनीचा कोड शोधायला लोक थेट गुगलवर ‘कूपन कोड’ टाकतात आणि जुन्या, मेलेल्या कोडांच्या ढिगात अडकतात. मी आधी वस्तूच उलटीपालटी करते. खोक्याच्या झाकणाची आतली बाजू, वॉरंटी कार्डाची मागची बाजू, माहितीपत्रकाचं शेवटचं पान. एका मावशींच्या मिक्सरच्या खोक्यात, जार ठेवायच्या पुठ्ठ्याखाली, वॉरंटी नोंदवली की पुढच्या भांड्यावर सूट देणारा कागद तीन वर्षं तसाच घडी घातलेला सापडला.

मग कंपनीची स्वतःची वेबसाइट. नंबर किंवा ईमेल दिला की पहिल्या खरेदीचा कोड पुष्कळ कंपन्या लगेच पाठवतात. त्यासाठी वेगळा ईमेल काढून ठेवा, रोजच्या ईमेलमध्ये जाहिरातींचा पूर येत नाही. वस्तू टोपलीत टाकून एक रात्र तशीच राहू द्या. ‘तुमची वस्तू वाट पाहतेय’ असा निरोप येतो आणि बरेचदा त्यासोबत कोडही. मोठ्या खरेदीच्या अॅपवर किमतीखाली ‘कूपन लावा’ असा बारीकसा चौकोन असतो. त्यात टिचकी मारली नाही तर सूट मिळत नाही, आणि तो चौकोन नजरेतून निसटणारे लोक मी रोज बघते. पैसे पाठवायच्या अॅपवर खरवडायची जी कार्डं मिळतात, त्यातही नव्या कंपन्यांचे कोड असतात. आपण ती ‘कॅशबॅक नाही’ म्हणून बाजूला सारतो.

आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे विचारणं. कंपनीच्या चॅटवर सरळ लिहा, ‘सध्या काही कोड चालू आहे का?’ बाजारात भाजीवालीला आपण विचारतोच ना!

आठ अक्षरांची गंमत

शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय. यांच्या घोळात किती कोड ‘चुकीचा’ ठरत असतील! म्हणून शहाणे कोड बनवणारे ही दिसायला सारखी अक्षरं वगळतात. उरलेल्या ३२ चिन्हांतून सहा अक्षरी कोड काढले तर सुमारे १०७ कोटी निघतात. आठ अक्षरी काढले तर १ लाख ९ हजार ९५१ कोटी! अंदाजाने टाकलेला कोड लागत नाही तो यामुळेच.

ज्यांना कोडांआधीचा जमाना आठवतो त्यांच्यासाठी: बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले प्लास्टिकचे प्राणी, गोल्ड स्पॉट या थंड पेयाच्या बुचातली जंगल बुकची मंडळी, आणि १९९९ चं ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’. बिस्किटाच्या रॅपरवरचे रन जमवायला पोरं कचराकुंडीपर्यंत जायची. तेही कंपनीचं कूपनच.

कोड फसतो तेव्हा

२५ मे १९९२, फिलिपिन्स. पेप्सीने टीव्हीवर बक्षिसाचा आकडा जाहीर केला, ३४९. बुचात हा आकडा असेल त्याला दहा लाख पेसोंपर्यंत बक्षीस. पण चुकीने तो आकडा लाखो बुचांवर छापला गेला होता! दंगे झाले, माणसं मेली, खटले वर्षानुवर्षं चालले. कंपनीचं म्हणणं होतं की या बुचांवरचा पडताळणीचा कोड जुळत नाही. आपण आकड्याखालच्या बारीक अक्षरांकडे बघत नाही, आणि तिथे तर सगळा निकालच त्यावर अडला.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये हूव्हर कंपनीने शंभर पौंडांच्या खरेदीवर दोन विमान तिकिटं फुकट देऊ केली. लोकांनी तिकिटांसाठी व्हॅक्यूम क्लीनर उचलले. कंपनीला जवळपास पाच कोटी पौंडांचा खड्डा पडला.

याच्या उलट १९९९ मधला कॅलिफोर्नियाचा एक अभियंता. पुडिंगच्या डब्यांवरचे बारकोड पाठवले की विमानप्रवासाचे मैल मिळत होते. त्याने हिशेब केला, १२,१५० डबे घेतले आणि साडेबारा लाख मैल जमवले. लेबलं काढायला हात कमी पडले, तेव्हा सेवाभावी संस्थेच्या लोकांनी ती सोलून दिली आणि पुडिंग त्यांनाच दान मिळालं. कंपनीची अट शब्द न् शब्द वाचणारा माणूस मला फार आवडतो.

हिशेब बोटांवर

आधी २० टक्के, मग वर १० टक्के. मिळून ३०? नाही, २८. हजाराची वस्तू ७२० ला पडते, ७०० ला नाही. ‘४० टक्के सूट, कमाल १०० रुपये’ असं असेल तर हजाराच्या बिलावर ती १० टक्केच ठरते. सरळ २०० रुपये की १५ टक्के? बिल १,३३३ रुपयांच्या आत असेल तर २०० घ्या, पुढे गेलं तर टक्के.

पाकिटावर एमआरपीजवळ ‘युनिट सेल प्राइस’ छापलेली असते, दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भाव. ताडपत्रीसारख्या वस्तूला चौरस फुटाचा भाव स्वतः काढावा लागतो, आणि जाडीचा अंदाज यायला जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजनही बघावं लागतं. सूट मोठी आणि कापड पातळ, असा माल आमच्या पावसात श्रावण गाठत नाही.

कुंपणच शेत खातं तेव्हा

‘फुकट कूपन, फक्त ओटीपी सांगा’ असा फोन आला की ठेवून द्या. खऱ्या कूपनाला ओटीपी, पिन, कार्डाच्या मागचे तीन आकडे, काही काही लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. वस्तूबद्दल, सवलतीबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

‘फक्त दहा मिनिटं उरली’ असं पळतं घड्याळ दाखवून खोटी घाई करणं, टोपलीत न विचारता काही सरकवणं, हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी गैर ठरवलंय. अशा १३ क्लृप्त्यांची यादीच त्यात आहे. आपोआप कूपन शोधून देणाऱ्या साधनांवरही डोळे मिटून विसंबू नका. पेपलच्या ‘हनी’वर डिसेंबर २०२४ मध्ये आरोप झाला की ते चांगले कोड लपवतं आणि दुसऱ्याचं कमिशन स्वतःकडे वळवतं. राखणदाराच्या हातात शेत सोपवताना एवढी माहिती असावी.

४०१६०४

कोड लावायच्या आधी कंपनी पिनकोड विचारते. जव्हारचा ४०१६०३, मोखाड्याचा ४०१६०४. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. आमच्या तालुक्यांत रेल्वे नाही, पार्सल घाट चढून येतं. म्हणून मी पिनकोड सगळ्यात आधी टाकते. माल इथे पोचतच नसेल तर कोडासाठी डोकं का शिणवा?

काकांच्या ताडपत्रीचं पुढे असं झालं. पाड्यावर रेंज नाही, ती वरच्या टेकावर आंब्याखाली येते. काका, त्यांची सहावीतली मुलगी आणि मी तिथे गेलो. बारा बाय अठराची ताडपत्री निवडली, कोड टाकला, दीडशे रुपये उतरले. पैसे भरायचा ओटीपी मात्र आला तो पान बंद पडल्यावर. पुन्हा प्रयत्न केला तर उत्तर, ‘हा कोड वापरला गेला आहे.’ काकांचा चेहरा पाहवेना. पण पडद्याचा फोटो मी काढून ठेवला होता. तो कंपनीला पाठवला, पैसे भरलेच गेले नाहीत हे दाखवलं. तिसऱ्या दिवशी नवा कोड आला. हे लक्षात ठेवा: व्यवहार अडकला तर फोटो काढा आणि कोड परत मागा.

पार्सल शाळेच्या पत्त्यावर आलं तेव्हा आभाळ भरून आलं होतं. पोरांनी ताडपत्री चारी बाजूंनी धरून उघडली. काकांनी आधी कोपरा बघितला. स्टिकर होतं, कोड होता, आणि मुदत ३१ मार्चपर्यंत. ताडपत्री विकत घेतात मे-जूनमध्ये, सूट मात्र मार्चमध्ये संपते! मला रागच आला. मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर कोड उतरवला, शून्यावर तिरपी रेघ मारून, इंग्रजी ओशी घोळ नको म्हणून. काका तारखेवर बोट ठेवून थोडा वेळ गप्प राहिले. शिमग्याला ते वीटभट्टीवरून परततात, तेव्हा हातात पैसे असतात.

“मग शिमग्यालाच मागवू, बाई,” ते म्हणाले, आणि ताडपत्री घेऊन छपराकडे गेले.