‘डॉक्टरांची गाडी, फक्त ४२ हजार फिरलेली!’ डीलरचे तोंडी बोल खोटे निघाले तर काय कराल?

नाशिक : ‘एका हातची गाडी आहे, डॉक्टरांनी वापरलेली. फक्त ४२ हजार किलोमीटर. अपघात तर सोडाच, ओरखडासुद्धा नाही.’ जुनी कार बघायला गेलात की असे बोल कानावर पडतातच. समजा, त्यावर विश्वास ठेवून तुम्ही साडेचार लाख रुपये मोजले. दोन महिन्यांनी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, तर तिथल्या संगणकात दोन वर्षांपूर्वीचीच नोंद निघाली ८८ हजार किलोमीटरची. डीलरला विचारले की उत्तर तयार असते, ‘मी असं म्हणालोच नव्हतो. कुठे लिहून दिलंय का?’

लिहून दिलेले नसते. मग पैसे बुडाले का? तसे नाही. समजून घेऊ.

तोंडी शब्दाला किंमत आहे का?

आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचे ते सांगितले आहे. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे त्यात येते. मग ते लेखी असो, मोबाइलवरचे असो की तोंडी. म्हणजे अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे.

मात्र प्रत्येक बोल धरता येत नाही. ‘गाडी मख्खन चालते’ ही झाली विक्रेत्याची तारीफ. ‘अपघात झालेला नाही’, ‘पहिलाच मालक’, ‘इतकेच किलोमीटर’ ही तपासता येणारी विधाने आहेत. तक्रार त्यांवर उभी राहते.

‘जशी आहे तशी घेतली’ यावर सही केली असेल तर?

डिलिव्हरीच्या कागदावर हे वाक्य अनेकदा असते. त्यामुळे किरकोळ बिघाडांची तक्रार कमकुवत होते. पण जाणूनबुजून केलेली फसवणूक त्याआड लपवता येत नाही. लेखी करार असला, तरी फसवणूक दाखवण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो.

डीलरचा दुसरा बचाव असतो, ‘तुम्ही तपासून घ्यायला हवे होते.’ डीलरला स्वतःलाच खरे माहीत नसेल, तर करार कायद्याच्या कलम १९ नुसार हा मुद्दा त्याच्या बाजूने जाऊ शकतो. माहीत असून तो खोटे बोलला असेल, तर नाही. म्हणून ‘त्याला माहीत होते’ हे दाखवणारा कागद सगळ्यात मोलाचा.

गोव्यातील प्रकरण काय सांगते?

गोव्यातील एका ग्राहकाने २०११ च्या नव्या मॉडेलचे पैसे भरले. डीलरने दिलेली गाडी मात्र २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली आणि खाली गंज चढलेली असल्याची त्याची तक्रार होती. जिल्हा मंचाने व्याजासह पैसे परत करण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने उत्पादक टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळे केले. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. गाडी नवी असो वा जुनी, धडा एकच. कोण काय बोलले हे तक्रारीत नेमके लिहा आणि जो बोलला त्यालाच प्रतिवादी करा. मोठे नाव जोडल्याने तक्रार भक्कम होत नाही.

फसवणूक लक्षात आल्यावर

१. पुरावा जपा : जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲप चॅट, कॉल रेकॉर्डिंग, पैसे भरल्याच्या नोंदी. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा.

२. जुन्या नोंदी मिळवा : सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री, विमा कंपनीकडील क्लेमची माहिती. सोबत आलेल्या नातेवाइकाचे किंवा मेकॅनिकचे प्रतिज्ञापत्रही उपयोगी पडते.

३. मोठी दुरुस्ती लगेच करू नका : आधी फोटो आणि तज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्या.

४. नोटीस द्या : काय सांगितले, काय निघाले, काय हवे (पैसे परत की भरपाई) आणि मुदत किती, हे लिहून स्पीड पोस्टाने पाठवा.

५. १९१५ वर कॉल करा : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन डीलरशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते.

६. जिल्हा आयोगाकडे जा : गाडी पुण्या-मुंबईत घेतली असली, तरी तुम्ही नाशिकला राहत असाल तर नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येते. ‘ई-जागृती’ पोर्टलवर ती ऑनलाइनही दाखल होते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे ‘बघू, करतो’ यात वेळ घालवू नका.

चेसिस नंबर किंवा कागदपत्रांतच फेरफार असेल, तर पोलिसांकडेही जा.

हा मार्ग कुणासाठी नाही?

शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून थेट गाडी घेतली असेल, तर तो व्यापारी नसतो. तिथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो. व्यवसायासाठी ताफ्यात गाडी घेणाराही ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या टॅक्सीला मात्र सूट आहे.

घेण्याआधी पाच मिनिटे

जुन्या गाड्यांच्या डीलरना १ एप्रिल २०२३ पासून परिवहन विभागाचे अधिकारपत्र लागते. ते दाखवायला सांगा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणी आणि विम्याची मुदत बघा. कितवा मालक आणि कर्जाचा बोजा हे आरसीवर ताडून पाहा.

आणि पैसे देण्याआधी डीलरला एक मेसेज पाठवा : ‘तुम्ही आज सांगितल्याप्रमाणे गाडी पहिल्याच मालकाची, ४२ हजार किमी चाललेली आणि बिनअपघाती आहे, म्हणून घेत आहे. यात काही चूक असल्यास कळवा.’

‘हो’ असे उत्तर आले, तर तोंडी शब्द लेखी झाला. उत्तर टाळले, फोन करून ‘मेसेज कशाला, विश्वास ठेवा’ म्हटले, तर दुसरी गाडी बघा.