यंत्राची परीक्षा

नवी पाणसळ हाती आली की जुना गवंडी काय करतो? ती ओट्यावर ठेवून बुडबुडा पाहतो. मग टोके उलटवून पुन्हा त्याच जागी ठेवतो. बुडबुडा दोन्ही वेळा ओट्याच्या एकाच बाजूला सरकला, तर वाकडेपणा ओट्याचा. बाजू बदलली, तर खोट पाणसळीची. आज सांगायचे शास्त्र एवढेच आहे.

रोबोटिक टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र आता बांधकामांवर दिसते. तिपाईवरची त्याची दुर्बीण मोटरीने आपोआप वळते, काठीवरच्या प्रिझमचा पाठलाग करते, कोन आणि अंतर मोजते. दोघातिघांचे काम एकटा माणूस उरकतो. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. हे यंत्र आम्ही काम करणाऱ्या पोरांकडून समजून घेतले.

प्रवासातले धक्के आणि ऊन-थंडी यांनी यंत्राचे अक्ष किंचित हलतात. म्हणून कामाच्या जागीच परीक्षा घ्यावी लागते. प्रथम यंत्र सावलीत ठेवून हवेशी जुळू द्यायचे. तिपाई घट्ट रोवायची. मग दूरची एक खूण दुर्बिणीने पाहायची, दुर्बीण उलटी करून तीच खूण पुन्हा पाहायची. आडव्या कोनाच्या दोन वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक हवा. उभ्या कोनांची बेरीज ३६० अंश हवी. जे कमीजास्त येईल, त्याचा निम्मा भाग ही यंत्राची चूक. यंत्र ती नोंदवून पुढच्या वाचनांतून वजा करते. प्रिझम आपोआप शोधणाऱ्या डोळ्याचीही अशीच वेगळी परीक्षा असते.

अंतरासाठी एका रेषेत तीन खुणा घ्याव्यात. पहिली ते दुसरी आणि दुसरी ते तिसरी या अंतरांची बेरीज पहिली ते तिसरी या अंतराएवढी भरली पाहिजे. हवामानही विसरू नये: तापमान एक अंशाने चुकीचे भरले, तर किलोमीटरमागे सुमारे एक मिलिमीटर फरक पडतो.

ही काळजी नवी नव्हे. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना विल्यम लॅम्टनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आपटून त्याचे चक्र वाकले. लॅम्टनने काही आठवडे खपून ते स्वतः सरळ केले, मगच पुढची मोजणी झाली. हाच लॅम्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला.

आता आमचा अनुभव. एका कामावर पायाचे बोल्ट पंधरा मिलिमीटर खाली बसले. ठेकेदाराने काठी धरणाऱ्या पोराची मजुरी कापली. आम्ही म्हटले, आधी यंत्र तपासा. उभ्या कोनांची बेरीज ४० सेकंदांनी जास्त भरली. म्हणजे प्रत्येक वाचनात २० सेकंदांची चूक. दीडशे मीटरवर तेच पंधरा मिलिमीटर! घाईपायी कित्येक आठवडे परीक्षा झालीच नव्हती. मजुरी परत मिळाली.

यंत्र खोटे बोलत नाही, पण आपली खोट आपण होऊन सांगतही नाही. ती विचारायला थोडा वेळ लागतो. तो वेळ कामाच्या वेळात धरला पाहिजे आणि परीक्षेचे आकडे तारखेसह वहीत लिहिले पाहिजेत. एवढी मागणी गवंड्याच्या पाणसळीइतकीच जुनी आणि रास्त आहे.