वजन उतरताना अंग सैल का पडते?
वजन उतरू लागले की काट्यावरचा आकडा सुखावतो, पण दंड सैल दिसू लागतात. नुसते खाणे कमी केले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकवायचे तर त्यांना काम हवे. चालणे उत्तमच, पण तेवढे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते.

त्यासाठी महागडे यंत्र नको. तालमीतले जोर आणि बैठका पुरेशा आहेत. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला, मग स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून काढावेत. बैठका खुर्चीवरून उठबस करत सुरू कराव्यात. पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे साधारण १ किलोचे डंबेल. विकत घ्यायचेच तर रबरी पट्टा घ्या. जितका ताणाल तितका त्याचा विरोध वाढतो, आणि जोर-बैठकांत मागे राहणाऱ्या पाठीलाही काम मिळते. सहज जमू लागले की भार वाढवा. जेवणात डाळ, दही, अंडी हवीतच. पोटाला गुंडाळायचे घामाचे पट्टे मात्र कृपा करून घेऊ नका: त्यांनी पाणी जाते, चरबी नाही. खूप वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा व्यायामाने पूर्ण आवळत नाही, हेही आधीच माहीत असावे.