कोवाडची बोली आणि पेशवाईची भाषा

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्या जिल्ह्यातील एकटा चंदगड तालुका मात्र वगळण्यात येऊन कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. प्रशासनाच्या दृष्टीने हा बदल लहानसाच होय. भाषेच्या अभ्यासकास तो एका जुन्या वस्तुस्थितीची आठवण करून देतो. चंदगडच्या पूर्वेस बेळगावकडील कन्नड-मराठी मुलूख आहे, पश्चिमेस घाट उतरला की तळकोकण आणि गोवा लागतो, उत्तरेस आजरा आणि गडहिंग्लज. बाजारहाटास जवळचे शहर बेळगाव, जिल्ह्याचे ठाणे मात्र दूर कोल्हापुरास. अशा तिठ्यावर, ताम्रपर्णी नदीच्या काठी वसलेले कोवाड हे रणजित देसाई (१९२८–१९९२) यांचे गाव. मराठी वाचकाच्या मनातील पेशवाईची भाषा ज्या लेखकाने घडविली, तो पुण्याचा नव्हता, ह्या सीमेवरच्या खेड्यातला होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

देसाई यांचे लेखन विपुल आणि अनेक जातींचे आहे. ‘रूपमहाल’ (१९५२) ह्या कथासंग्रहापासून आरंभ करून त्यांनी ‘बारी’ (१९५९) व ‘माझा गाव’ (१९६०) ह्या ग्रामजीवनाच्या कादंबऱ्या लिहिल्या. पुढे ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘श्रीमान योगी’ (१९६८) ह्या ऐतिहासिक, ‘राधेय’ (१९७३) ही पौराणिक, ‘राजा रविवर्मा’ (१९८४) ही कलावंताच्या चरित्रावरील आणि ‘शेकरा’ ही रानातील एका प्राण्याला केंद्रस्थानी ठेवणारी, अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. नाटके आणि चित्रपटकथा वेगळ्याच. ‘स्वामी’स १९६४ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. इतक्या भिन्न विषयांतून फिरलेल्या लेखकाची भाषाही तितकीच बदलत गेली असावी, असा सर्वसाधारण समज असतो. तो तपासून पाहिल्यास निराळेच काही आढळते. ह्या साऱ्या विस्तारात मराठी भाषेची रूपे मुख्यतः दोनच आहेत. त्यांपैकी एक त्यांना कोवाडच्या परिसराने दिले. दुसरे त्यांनी स्वतः रचले. वाचकांनी मात्र रचलेल्या रूपालाच अस्सल मानले.

हे दुसरे रूप का रचावे लागले, हे कळण्यास मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील ‘मुक्तामाला’ (१८६१) ह्या लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या कादंबरीपासून मराठी कथाकारास अद्भुताची ओढ होती. हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’मध्ये शिवकाल आणला तेव्हाही वेषांतरे, गुप्त कट, अनपेक्षित ओळखी यांनीच कथानक पुढे सरकविले. नाथमाधव यांच्याकडे तर अद्भुत, रहस्य आणि इतिहास एकाच लेखणीत सुखाने नांदतात. ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य, ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ ही गुन्हेगारीच्या रहस्याची आणि स्वराज्यविषयक कादंबऱ्यांची माला ऐतिहासिक. तिन्हींचे यंत्र पुष्कळसे एकच : पुढे काय होणार, ही उत्कंठा. पात्रांनी कोणती मराठी बोलावी, हा प्रश्न अशा रचनेत दुय्यम राहतो. वाचक घटनांच्या मागे धावत असतो. भाषेशी थांबावयास त्यास सवड नसते.

देसाई यांनी हे यंत्र जवळजवळ बाजूस ठेवले. ‘स्वामी’ उघडणाऱ्या वाचकास शेवट आधीच ठाऊक असतो. १७६१ मध्ये पेशवेपदावर आलेला तरुण माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने मृत्यू पावणार आणि रमाबाई सती जाणार, हे शाळकरी मुलासही माहीत असते. कर्णाचेही तेच. रहस्य नाही, तेव्हा कादंबरी पेलून धरावयाची कशाने? देसाई यांचे उत्तर ‘संवादाने’ असे आहे. माधवराव आणि रघुनाथराव यांच्यात काय घडले हे इतिहास सांगतो. ते एकमेकांशी कसे बोलले असतील, हे इतिहासास सांगता येत नाही. त्या रिकाम्या जागेत ही कादंबरी उभी आहे, आणि म्हणूनच तिच्या बोलण्याच्या भाषेवर एवढा भार पडला.

आता पेशवाईच्या भाषेचा प्रत्यक्ष पुरावा कोणता? राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड, सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तरातील कागदांचे पंचेचाळीस खंड, आणि बखरी. ह्या कागदांतील मराठीची ठेवण आजच्या वाचकास परकी वाटेल अशी आहे. त्यात ‘जाहले’, ‘करोन’ यांसारखी रूपे येतात. हाताखालच्या माणसास आज्ञा करावयाची ती ‘येणे’, ‘पाठविणे’ अशा धातुसाधित रूपाने. पत्राचा आरंभ आणि शेवट ठरीव मायन्याने. एकेक वाक्य ओळीमागून ओळी चालत राहते आणि मोडीच्या लेखनात त्यास विरामचिन्हांचा आधार नसतो. फारशी-अरबी शब्दांची रेलचेल तर सर्वश्रुतच आहे. माधवराव पटवर्धन यांना ‘फारशी-मराठी कोश’ (१९२५) रचावासा वाटला, यामागे मराठीने पचविलेल्या ह्याच शब्दभांडाराची जाणीव होती. शिवाय हे सारे लेखी कागद होत. अठराव्या शतकातील माणूस ओटीवर बसून कसा बोलत असे, त्याचा थेट पुरावा कोणत्याही दप्तरात नाही.

‘स्वामी’तील पात्रे ह्या दप्तरातील मराठी बोलत नाहीत. त्यांच्या वाक्याचा सांगाडा, क्रियापदांची रूपे, अव्ययांचा वापर, हे सर्व विसाव्या शतकातील प्रमाण मराठीचे आहे. वाक्ये आखूड, पुष्कळदा एका ओळीत संपणारी. जुनेपणाचा रंग येतो तो नामांतून. मसलत, खलबत, मुजरा, सदर, नजराणा अशा वर्गातील शब्द पद, वस्त्र, शिष्टाचार आणि राजकारण यांच्या जागी नेमके ठेवले जातात आणि तेवढ्याने वाचकास काळ बदलल्याचा भास होतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर शब्दसंग्रह काही अंशी अठराव्या शतकाचा आणि व्याकरण पूर्णतः विसाव्या शतकाचे. ही तडजोड कमी प्रतीची नव्हे. दप्तराची खरी भाषा संवादात घातली असती तर चार पाने वाचून सामान्य वाचकाने पुस्तक मिटले असते. ‘झेप’ (१९६३) पासून ना. सं. इनामदार यांनी त्याच काळाकडे वळताना आपली निराळी वाट धरली. पण वाचकाच्या कानात बसली ती देसाई यांची मराठी.

ह्या भाषेचा कणा मात्र फारशी शब्द नव्हेत. सर्वनामे आहेत. मराठीत ‘आपण’ हे सर्वनाम तीन कामे करते. बोलणारा आणि ऐकणारा दोघांचा समावेश करणारे ‘आपण’, स्वतःवाचक ‘आपण’ आणि आदरार्थी द्वितीय पुरुषाचे ‘आपण’. ‘आम्ही’ मात्र ऐकणाऱ्यास वगळते. देसाई यांच्या दरबारात राजा वा पेशवा स्वतःस ‘आम्ही’ म्हणतो आणि समोरचा त्यास ‘आपण’ म्हणतो. एवढ्याशा योजनेतून सत्ताधारी माणसाचा एकटेपणा आपोआप ऐकू येऊ लागतो, कारण तो ज्या सर्वनामाने बोलतो त्यात ऐकणाऱ्यास जागाच नाही. आणि तोच माणूस जवळच्या व्यक्तीपाशी ‘मी’वर उतरला की काहीही वर्णन न करता जवळीक घडते. चुलता-पुतण्या, पती-पत्नी, धनी-सेवक ही नाती ह्या कादंबऱ्यांत प्रसंगांइतकीच सर्वनामांच्या चढउतारांतून उभी राहतात. सामान्य समीक्षा याला ‘भाषेचा गोडवा’ म्हणून सोडून देते. गोडवा हे वर्णन झाले, कारण नव्हे.

शीर्षकाची निवडही येथेच उलगडते. पेशव्यास लिहिलेल्या पत्रांत त्याचा उल्लेख ‘स्वामी’ असा होतो. मायन्यात ‘स्वामींचे सेवेसी’ हा पाठ ठरलेला. तोच शब्द पत्नीच्या दृष्टीने पतीसही लागू पडतो. दप्तरातील एक निर्जीव झालेला मायना देसाई यांनी उचलला आणि त्यास राज्य व संसार असे दोन्ही अर्थ एकदम दिले. दप्तराशी त्यांचा असा जिवंत संबंध ह्या एका शब्दात जितका दिसतो तितका पानोपानी विखुरलेल्या फारशी नामांत दिसत नाही.

‘श्रीमान योगी’त हीच भाषा एक शतक मागे नेण्यात आली. नरहर कुरुंदकर यांचे प्रदीर्घ पत्र प्रस्तावनेदाखल ह्या कादंबरीस जोडलेले आहे. त्यात शिवाजी महाराजांच्या व्यक्तिमत्त्वाची ऐतिहासिक चिकित्सा आहे आणि ती आजही स्वतंत्रपणे वाचली जाते. भाषेच्या प्रश्नाकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. शिवकाल आणि उत्तर पेशवाई यांच्या मराठीत बरेच अंतर आहे. राज्यव्यवहारात फारशीची जागा संस्कृत शब्दांना मिळावी म्हणून शिवाजी महाराजांनीच ‘राजव्यवहारकोश’ करविला, यावरून त्या काळी हा प्रश्न किती जागा होता हे कळते. देसाई यांच्या दोन कादंबऱ्यांत हे अंतर जवळजवळ जाणवत नाही. जिजाबाईंसाठी जुन्या लेखनात ‘आऊ’, ‘मातुश्री’ असे शब्द आढळतात. कादंबरीतील ‘माँसाहेब’ हे संबोधन आता इतके रूढ झाले आहे की जुना शब्दच वाचकास उपरा वाटावा. ‘स्वामी’ १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर मालिकारूपाने आली, तेव्हा ही मराठी न वाचणाऱ्या घरांतही पोहोचली. पदव्युत्तर वर्गात ऐतिहासिक मराठीची उदाहरणे मागितली असता विद्यार्थी दप्तराऐवजी कादंबरीतील वाक्ये देतात, याचे मूळ येथे आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कादंबरीच त्यांच्यापर्यंत आधी पोहोचली. पण पुरावा आणि प्रतिमा यांतील भेद विद्यापीठातही पुसला जाणार असेल तर तो अन्यत्र कोठे राखला जाणार?

‘राधेय’ ही ह्या भाषेची खरी कसोटी होती, कारण महाभारताच्या कथेत फारशी शब्द चालणे शक्य नव्हते. देसाई यांनी ते काढले आणि त्या जागी संस्कृत नामे घातली. सांगाडा राहिला तोच : आखूड वाक्ये, आदरार्थी सर्वनामे, मध्येच तुटणारे आणि मौनात संपणारे संवाद. म्हणजे जी भाषा पेशवाईची म्हणून ओळखली गेली ती मुळात कोणत्याही काळाची नव्हती, हे ‘राधेय’ने सिद्ध केले, असे म्हणावयास हरकत नाही. येथे एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. कर्णावरील दुसरी विख्यात कादंबरी ‘मृत्युंजय’ (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत चंदगडशेजारच्या आजऱ्याचे. सावंतांचा कर्ण आणि त्याच्या भोवतीची पात्रे आत्मनिवेदनातून, उपमांच्या ओघात बोलतात. देसाई यांचा कर्ण दुसऱ्याशी बोलतो. शेजारच्या दोन गावांतून सहा वर्षांच्या अंतराने आलेल्या ह्या दोन कादंबऱ्यांची निव्वळ वाक्यरचनेच्या अंगाने तुलना केली तर एका उत्तम प्रबंधाचा विषय होईल.

‘राजा रविवर्मा’त केरळच्या राजघराण्याशी नाते असलेला चित्रकार (१८४८–१९०६) हीच मराठी बोलतो. मातृभाषा मल्याळम्, वावर बडोदे आणि मुंबई येथपर्यंत, आणि बोलणे मात्र पुन्हा त्याच दरबारी वळणाचे. केतन मेहता यांनी ह्या कादंबरीवरून हिंदी चित्रपट केला, तेव्हा अर्थातच ही भाषा गळून पडली.

पहिल्या, म्हणजे कोवाडकडील, भाषेकडे आता परतले पाहिजे. ‘बारी’ हा शब्दच त्या मुलखाचा. डोंगरातील खिंडीची वाट असा त्याचा अर्थ. कादंबरी बेरडांच्या जीवनाची आहे. सीमेवरील हा समाज कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या सान्निध्यात वाढलेला, रानाशी बांधलेला, आणि बदलत्या काळात त्या रानातूनच उठविला जाणारा. येथील बोली कशी असते याचे एकच उदाहरण पुरे. कोल्हापूर-बेळगावकडे स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. कन्नडमध्ये प्रथम पुरुषाच्या क्रियापदास लिंगभेद नाही, आणि दीर्घकाळच्या भाषिक शेजाराशी ह्या प्रयोगाचा संबंध जोडला जातो. आदर दाखवावयाचा तर खेड्यातील बोली बहुधा ‘तुम्ही’वर थांबते, आदरार्थी ‘आपण’पर्यंत जात नाही. अशा बोलीत वाढलेल्या कानाने पुढे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्या आधारावर आख्खा दरबार उभारला. ज्या माणसास ती सर्वनामे घरच्या बोलण्यात आयती मिळाली नाहीत त्यालाच त्यांचे वजन इतके नेमके ऐकू आले असावे, हे अनुमान अगदीच निराधार नव्हे.

‘बारी’ आणि ‘माझा गाव’ यांचे संवाद ग्रामीण वळणाचे आहेत. ते ‘स्वामी’तील संवादांइतके घोटलेले नाहीत, त्यांत अडखळ आहे; परंतु ती बोलणाऱ्या माणसांची अडखळ आहे. ‘स्वामी’च्या अपूर्व यशानंतर कादंबरीकार देसाई ह्या भाषेकडे फारसे वळले नाहीत. कथांतून तो मुलूख अधूनमधून डोकावतो, ‘शेकरा’त रान परत येते; तथापि दोन भाषांच्या मधल्या माणसांचे बोलणे ज्या पानांत ऐकू यावे अशी दुसरी ‘बारी’ झाली नाही. मराठीस एक दरबार मिळाला, हा लाभ मोठाच. त्याची किंमत चंदगडच्या बोलीने दिली, हेही त्याच खात्यावर मांडले पाहिजे.

अभ्यासाच्या दृष्टीने करावयाचे काम अगदी साधे आहे. ‘बारी’ आणि ‘माझा गाव’ यांतील संवादांची शब्दसूची करावी, क्रियापदांची रूपे वेगळी काढावीत, आणि कोवाड, चंदगड व ताम्रपर्णीकाठच्या गावांतील वृद्धांच्या बोलण्याशी ती ताडून पाहावी. १९५९ साली छापलेली रूपे बोलणारी पिढी आता विरळ होत चालली आहे.