विज्ञान, मुत्सद्देगिरी आणि पुण्याची लस

उदयोन्मुख राष्ट्रांच्या परिषदांतून निघणाऱ्या प्रत्येक जाहीरनाम्यात विज्ञान-सहकार्याचे एक कलम हटकून असते. मात्र पुढे तो कागद कोणत्या दप्तरात पडला, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. 1978 चा ब्युनोस आयर्सचा कृतिआराखडा, 2003 मधील भारत-ब्राझील-दक्षिण आफ्रिका मंच, 2014 मध्ये फोर्तालेझा येथे ठरलेली ब्रिक्सची बँक हे टप्पे वाचकांस परिचित आहेत. चीन-ब्राझील यांनी 1988 मध्ये करार करून 1999 मध्ये पहिला संयुक्त उपग्रह सोडला आणि त्या मालिकेतील छायाचित्रे 2004 पासून ब्राझीलने विनामूल्य खुली केली, हे कार्य थोरच. परंतु त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

आमच्यातील काही विद्वान औषधे व लसी यांस निव्वळ व्यापार मानतात आणि मुत्सद्देगिरीच्या आढाव्यातून त्यांना वगळतात. या मताशी माझा जुना झगडा आहे. 1970 च्या पेटंट कायद्याच्या आश्रयाने वाढलेल्या मुंबईच्या सिप्लाने 2001 मध्ये एड्सवरील त्रिऔषधी उपचार वर्षाला 350 डॉलरांत देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरांच्या वर होता. आफ्रिकेच्या सरकारांना वाटाघाटीच्या मेजावर बळ आले ते या दराने, कोणत्याही खलित्याने नव्हे.

माझ्या मते या विषयाचा मेरुमणी मात्र मेनिंजायटिसची लस हाच. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या वाऱ्यांच्या मोसमात मेंदूच्या आवरणाचा दाह करणारी साथ पिढ्यान्पिढ्या येई. 1996-97 च्या साथीत अडीच लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे 25,000 माणसे दगावली. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी लसीचा प्रकल्प हाती घेतला, त्या वेळी आफ्रिकी आरोग्याधिकाऱ्यांनी आपली अट स्वच्छ सांगितली होती की, मात्रेची किंमत 50 सेंटांहून कमी हवी. मोठ्या कारखानदारांना हा हिशेब परवडेना. तेव्हा हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने तो विडा उचलला: जंतूच्या कवचातील शर्करा नेदरलंडहून आली, ती धनुर्वाताच्या प्रथिनाशी जोडण्याचे तंत्र अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेने दिले, आणि ते प्रथिन व पुढील सारे उत्पादन पुण्यात झाले. थिजवून सुकवलेली भुकटी दहा मात्रांच्या कुपीत भरलेली असे व ती द्रावणात मिसळून टोचावयाची. 6 डिसेंबर 2010 रोजी बुर्किना फासोत मोहिमेस प्रारंभ झाला. पुढे 2012 मध्ये ही लस चार दिवसांपर्यंत 40 अंश उष्णतेत शीतपेटीवाचून ठेवण्यास मुभा मिळाली आणि बेनिनमध्ये तसा वापरही झाला. बर्फ जेथे पोहोचत नाही अशा गावांना या मुभेचे मोल काय, हे दिल्लीच्या सचिवालयात बसून उमगणे कठीण. 2017 नंतर त्या पट्ट्यात, ही लस ज्याविरुद्ध होती त्या 'अ' गटाच्या मेनिंजायटिसचा एकही निश्चित रुग्ण आढळलेला नाही. ज्याची गरज त्याने अट घालावी आणि ज्याचे कौशल्य त्याने ती पाळावी, हा व्यवहार मला कोणत्याही तहनाम्याहून अधिक राजनैतिक वाटतो.

या इतिहासाची दुसरी बाजू मात्र क्लेशकारक आहे. 2008 मध्ये कसौली, कुन्नूर व गिंडी येथील आपल्या सरकारी लसकारखान्यांचे परवाने निलंबित झाले. ऑक्टोबर 2020 मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांनी करोना-उपायांवरील बौद्धिक संपदेचे निर्बंध स्थगित करण्याचा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला, तो जून 2022 पर्यंत इतका रोडावला की मूळ मागणी ओळखू येईना. आणि 2021 च्या दुसऱ्या लाटेत आपणच करोना-लसींची निर्यात थांबवली, तेव्हा पुण्याच्या लसीवर भिस्त ठेवून बसलेले आफ्रिकी देश रिकाम्या हातांनी राहिले. लाट घरात शिरलेली असता स्वजनांस अग्रक्रम देणे भाग होते, हे मान्य; परंतु एकाच शहरावर अर्धे जग विसंबले असेल तर दुसरा कारखाना उभारण्याची मसलत आधीच व्हावयास हवी होती.

सीरमच्याच कारखान्यातील, मेनिंजायटिसच्या पाच गटांविरुद्धची नवी लस 2024 मध्ये सर्वप्रथम नायजेरियाने वापरात आणली आहे. आफ्रिकी संघाने 2040 पर्यंत आपल्या गरजेच्या 60 टक्के लसी खंडातच बनविण्याचे ठरविले आहे. तेव्हा जे तंत्र पुण्याला अमेरिकेकडून मिळाले, ते डाकार वा केपटाऊनला देण्याचा करार भारताने आता स्वतः होऊन पुढे करावा.